सेव्हेरोचा ठोसा

घरात माणसं तीन, पण कारभार पार जिल्हा कचेरीचा. आनाक्लेतोला साधं डोंगरावर चरायला सोडलेले लामा बघायला जायचं तरी आधी पोराची, रुफिनोची परवानगी, मग सुनेचा शेरा, आणि वर कोचाबांबा शहरात राहणाऱ्या लेकीची फोनवरून मंजुरी. मेच्या जत्रेसाठी त्याने केलेला अर्ज तर लेकीने, निल्दाने, तिथल्या तिथे फेटाळला.

"ताता, जत्रेला जा, मक्याची चिचा पी, नाच. पण मारामारी नाही म्हणजे नाही!" ती फोनमधून कडाडली. "डोळ्याचं ऑपरेशन कुणी करवलं? मीच ना?"

"डोळा तुझा. मुठी माझ्या."

"वय बघा की जरा," रुफिनो मध्ये पडला.

"वय झालं म्हणूनच म्हणतोय. पुढच्या वर्षी दोघांतला कोण असेल, कोण नसेल, तुझ्या बापाने पाहिलंय?"

दोघं म्हणजे तो आणि सेव्हेरो. आनाक्लेतो वरच्या वस्तीचा, सेव्हेरो खालच्या. जत्रेत चर्चपुढच्या चौकात वरचे-खालचे भिडायचे, आणि धरणीला रक्त पाजल्याखेरीज बटाटा धरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिसरूड फुटल्यापासून दरसाल हे दोघं एकमेकांसमोर उभे राहायचे. सेव्हेरोने याचे पुढचे दात पाडले, याने त्याचं नाक कायमचं वाकडं केलं. एरवी वर्षभर भेट नाही की निरोप नाही. पण बायको गेली त्या साली आनाक्लेतोच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. जत्रेत सेव्हेरोने कानशिलात एक ठेवून दिली आणि बांधच फुटला. हा रडतोय हे लोकांना कळू नये म्हणून सेव्हेरो मग थांबलाच नाही, मारत राहिला. असला माणूस सख्ख्या भावांतही मिळत नाही हो!

आणि आता लोक सांगत होते, सेव्हेरोचं डोकं गेलंय. पोराला भाऊ म्हणतो, स्वतःच्या दारात उभा राहून घराची वाट विचारतो. आनाक्लेतोला ते पटत नव्हतं. पोरांना विसरेल, बायकोला विसरेल, मला कसा विसरेल? झोप उडाली होती त्याची.

रुफिनोने त्याचा मोंतेरा, लढाईचा जाड कातडी टोप, कुलपात घातला होता. म्हातारा तसाच उघड्या डोक्याने निघाला.

चौकात नुसता कल्लोळ माजला होता. चारांगोच्या तारांचा सूर, धूळ, शिव्या, हाडावर हाड आपटल्याचा आवाज. एका पोराचा ओठ दुभंगून लोंबत होता, दोन बाया एकमेकींच्या झिंज्या धरून मातीत लोळत होत्या, पोलीस चाबूक ओढत होते तो कुणाला लागतोय ते त्यांनाही कळत नव्हतं. आनाक्लेतो कोपराने वाट काढत खालच्यांच्या बाजूला पोचला. सेव्हेरोचे दंड त्याच्या थोरल्या पोराने, हुस्तोने, मागून पकडून ठेवले होते.

"ताता आनाक्लेतो, परत जा," हुस्तो काकुळतीला आला. "ते कुणालाच ओळखत नाहीत आता."

"मला ओळखेल. सोड त्याला."

सोडायची वेळच आली नाही. सेव्हेरोने हिसडा दिला, दोन पावलं टाकली आणि आनाक्लेतोच्या गालफडावर दण्णकन ठोसा हाणला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोच हात, तेच वजन! आनाक्लेतो हसला आणि त्याने छातीवर एक परत केली.

मग सेव्हेरोची मूठ डाव्या बरगडीत घुसली.

ती बरगडी सेव्हेरोनेच मोडली होती, तरुणपणी. वाकडी जुळली, थंडीत ठणकते. त्यानंतर इतक्या जत्रांमध्ये त्याचा हात तिथे एकदाही गेला नव्हता. चुकून जायला लागला तरी वाटेतच वळायचा. दोघांनी कधी त्यावर शब्द काढला नव्हता. आता मूठ तिथेच आली. पुन्हा आली. आत काहीतरी कडकन मोडलं.

"ओळख ना रे, मेल्या!" आनाक्लेतो ओरडला आणि जीव खाऊन त्याच्या तोंडावर ठोसा मारला. सेव्हेरोच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्याने ती बाहीने पुसली, आनाक्लेतोकडे बाजारात नव्याने आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा त्याच बरगडीवर धावून आला.

त्याची हनुवटी समोर उघडी होती. आणखी एक बसला असता तर सेव्हेरो आडवा झाला असता, कदाचित कायमचा. आणि हाणला नसता तर तो थांबणार नव्हता, श्वास संपेस्तोवर मारतच राहिला असता. पडलेल्याला मारायचं नाही, एवढाच एक नियम चौकात उरला होता. आनाक्लेतोला रडू फुटत होतं आणि भयंकर संताप येत होता. जन्मात सेव्हेरोपुढे त्याचा गुडघा टेकला नव्हता. त्याने हात खाली सोडले आणि मुद्दाम मातीत बसकण मारली.

खालच्यांनी एकच आरोळी ठोकली. रुफिनो गर्दी फोडत धावत आला तेव्हा सेव्हेरो धापा टाकत वाकून बघत होता.

"कोण रे हा म्हातारा?" त्याने हुस्तोला विचारलं. "मार खायला कशाला आला? घरी अडवायला कुणी नाही का याला?"

रुफिनोने मान खाली घातली.

"आहेत की," आनाक्लेतो म्हणाला. मग उठायला त्याने पोराचा नाही, सेव्हेरोचा हात मागितला.