आधी गच्ची, मग शेवटचं पान

सोमवारी सकाळी फोन वाजला. फैजपूरहून नसीमचा मुलगा इरफान बोलत होता. "मावशी, अम्मी गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "पहाटे." मी फोन ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि धुळ्याच्या स्टँडवर गेले.

नसीम गेली तेव्हा तिचं पहिलं पुस्तक जळगावच्या छापखान्यात होतं. वर्षानुवर्षं दिवाळी अंकांतून विखुरलेल्या तिच्या छोट्या रहस्यकथा प्रथमच एकत्र येत होत्या. त्यांत एक नवी कथा होती, सगळ्यांत शेवटची, आणि तिला शेवट नव्हता. आजारपणामुळे राहून गेला असं नव्हे. नसीमची पद्धतच तशी होती. कथा लोकांना वाचून दाखवल्याशिवाय ती शेवटचं पान लिहायचीच नाही. ती गेल्यावर, तिच्या जाण्याइतकाच मला त्या पानाचा प्रश्न छळत राहिला. तिला रहस्यकथेत एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे वाचकाला अर्धवट सोडणं.

आमची ओळख जळगावच्या कॉलेजातली. ती भडगावची, वडील गाद्या-रजया भरणारे, मी धुळ्याची. हॉस्टेलमध्ये एका खोलीत आलो आणि दोघींनाही वाचनाचा नाद आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. कॉलेजजवळच्या वाचनालयात रहस्यकथांचं एक कपाट होतं आणि कुणी एक खोडसाळ सभासद त्यातल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवत असे. "खुनी : वकील." एवढंच. मी वैतागून पुस्तक परत करायला निघाले, तर नसीमनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "अगं, थांब. खुनी वकील आहे हे फुकटात कळलं. आता लेखकानं त्याला कुठे कुठे लपवलंय ते बघू." मग ती वाचताना मध्येच मला हाक मारायची, "सुमन, हे बघ, इथे वकिलाच्या हातात छत्री आहे, आणि हा शहाणा आपल्याला पाऊस दाखवतोय!" इतर लोक रहस्यकथा शेवट कळावा म्हणून वाचतात. नसीम शेवट माहीत करून घेऊन वाचायला शिकली, आणि मला वाटतं, लिहायलाही ती तिथेच शिकली... त्या पेन्सिलवाल्याचे आम्ही दोघींनी मनापासून आभार मानले होते. तो कोण, हे मात्र तिलाही शोधता आलं नाही.

लग्न होऊन ती फैजपूरला गेली. सलीमभाईंचं कापडाचं दुकान, वर घर, घरावर गच्ची. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका तिच्या गच्चीवर बिबड्या करायला जमायच्या. ज्वारीचं पीठ शिजवायचं, त्याचे गोळे करून पापडासारख्या पातळ बिबड्या थापायच्या, खाटेवरच्या कापडावर पसरायच्या, जरा वाळल्या की सोडवून उलटायच्या. हात गुंतलेले, कान मोकळे. एकदा नसीमनं सहज आपली कथा वाचायला घेतली आणि तेव्हापासून तो रिवाज पडला. शेवटाच्या अलीकडे ती थांबायची आणि विचारायची, "बोला, कुणी केलं?" कुणालाच ओळखता आलं नाही तर ती म्हणायची, मी काही तरी लपवून ठेवलंय, ही लबाडी झाली. सगळ्यांनीच ओळखलं तर कथा बाद. पण तिची खरी परीक्षा वेगळीच होती. वाचताना ती कागदावरून डोळे उचलून बायकांचे हात बघायची. थापणारे हात थांबले की समजायचं, कथा चालली.

एक कथा तिथे साफ पडली. केळीच्या बागेत खून होतो, आणि आपण त्या दिवशी बागेकडे फिरकलोच नाही असं सांगणाऱ्या माणसाच्या बाहीवर एक काळपट डाग असतो. नसीमला वाटलं होतं, केवढी बारीक खूण ठेवली! शेजारच्या इंदूअक्का पाटलांच्या घरी तीन पिढ्यांची केळी. त्यांनी तिला पुढे वाचूच दिलं नाही. "कायले एवढी लांबवते व नसीम? चिकाचा डाग हाये तो. पकडा त्याले अन् चहा टाका!" गच्चीभर हसू. एकीचाही हात थांबला नव्हता. गंमत अशी की तीच कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडे गेली होती आणि तिथल्या संपादकांचा फोन आला, "बाई, केळीच्या चिकाचा डाग पडतो हे आमच्या वाचकाला काय माहीत? डाग रक्ताचा करा." नसीमनं मला धुळ्याला फोन लावला. "सुमन, फैजपुरात ही गोष्ट दुसऱ्या पानावर संपते आणि पुण्यात शेवटच्या पानावरही कळत नाही. मी लिहू कुणासाठी?"

तिनं डाग रक्ताचा केला नाही. कथाच पुन्हा लिहिली. सुरुवातीलाच एका घरची बाई धुणं धुताना नवऱ्यावर करवादते, "चिकाचे डाग हे, सदरा फाटेल तेव्हाच जातील." झालं, पुण्याच्या वाचकाला सांगून झालं. डागवाला माणूस तिनं तसाच ठेवला. त्याच्यावर सगळ्यांचा संशय. आणि खुनी कोण, तर दिवसभर मी केळीच्या कापणीवर होतो असं शपथेवर सांगणारा, ज्याचा सदरा चांगला स्वच्छ होता! पुढच्या उन्हाळ्यात ती कथा गच्चीवर वाचली तेव्हा मी तिथे होते. इंदूअक्कांच्या हातातला गोळा हातातच राहिला. शेवट कळल्यावर त्या म्हणाल्या, "मले डागाकडे पाह्यला लावलं अन् चोर गेला कोऱ्या कपड्यानं! लई वांड हायेस व तू." नसीमला पुढे एक-दोन बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या. पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर कोणत्याही व्यासपीठावर पाहिलं नाही. पुण्याच्या अंकानं कथा जशीच्या तशी छापली.

व्यासपीठांवर तिला गमतीदार अनुभव यायचे. धुळ्याच्या एका कार्यक्रमात एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो." नसीम म्हणाली, "तुमचंही." दुसऱ्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "गंभीर असं काही लिहावंसं नाही वाटत?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "खुनाहून गंभीर काय असतं, सर?" सभागृह हसलं, ते सरही हसले, आणि जाताना तिच्याकडून कथेचा अंक मागून घेऊन गेले. आपण लिहितो ते हलकं आहे असं तिला एक दिवसही वाटलं नाही. घरातलं कुणी खोटं बोलतंय, आणि ते आरडाओरडा न करता, वाचकाच्या हाताला धरून उघडं करायचं, ह्याला ती मोठं काम मानायची.

शेवटची भेट हिवाळ्यातली. ती पलंगावर बसून होती, बारीक झाली होती, पण आवाज तोच. नवी कथा तिनं मला वाचायला दिली. बिबड्यांच्याच दिवशी घडणारी. सगळं घर गच्चीवर असताना खालच्या खोलीतून सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या जातात. तपास करते ती जैतून, दारोदार बांगड्या भरणारी. नसीमच्या बऱ्याच कथांत ती आहे. जैतून गच्चीवर येते, इकडेतिकडे बघते, जिन्याजवळच्या खाटेवरची एक अर्धओली बिबडी उचलून खाते आणि म्हणते, "पाटल्या कुणी घेतल्या ते कळलं." तिथे कागद संपतात.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"उन्हाळा येऊ दे. आधी गच्ची, मग शेवटचं पान."

"मला तरी सांग."

ती हसली. आमच्यात थट्टेला ती भडगावची बोली काढायची. "बठ्ठं समोर शे, देखनारा पाह्यजे," ती म्हणाली, म्हणजे सगळं समोरच आहे, बघणारा हवा, आणि थकून उशीला टेकली...

तिच्यामागे काही आठवड्यांनी प्रकाशकांचा फोन आला. पुस्तक अडकलं होतं. "ती कथा वगळू या का? नाही तर शेवट तुम्ही लिहा." वगळायला मन होईना. लिहायला घेतलं तर लक्षात आलं, चोर कोण हे मलाच माहीत नाही. मोठी सून, धाकटी सून, पाणी घेऊन वर आलेला पुतण्या... तिघांवरही संशय घेता येत होता. चुकीच्या माणसाला नसीमच्या नावानं चोर ठरवलं तर? आयुष्यभर जिनं वाचकाशी एकदाही लबाडी केली नाही, तिच्या पुस्तकाचं शेवटचं पान लबाडीचं व्हायचं. इरफानला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, बायका विचारतायत, यंदा बिबड्या आमच्याकडे करायच्या का. मी काय सांगू?"

मी म्हटलं, "हो म्हण."

गच्चीवर सगळ्या आल्या आणि थापायला बसल्या. मी वाचायला लागले. मला तिच्यासारखं वाचता येत नाही. तरी पाटल्या गेल्या तिथे एकेक हात मंदावत गेला आणि जैतून गच्चीवर आली तेव्हा थांबला. मी म्हटलं, "बोला, कुणी केलं?"

"मोठीनं," इंदूअक्का म्हणाल्या. "तिची नजरच बरी नाही."

"अक्का, नजरेवर कुनी चोर ठरतं का?" दुसरी म्हणाली. "मी तं पुतण्या म्हनते."

नसीमची सून रुबीना बिबड्या उलटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, धाकटी काय सांगते? ती दुपारभर कुठे होती?"

मी कागद चाळले. "गच्चीवरच. आपल्या खाटेवरच्या बिबड्या उलटत होती म्हणते."

"मग तिच्या खाटेवरच्या बिबड्या कशा आहेत, ते लिहिलंय का अम्मींनी?"

मी मागच्या पानावर गेले. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं होतं. जैतून बिबडी उचलते त्याच्या आधी, उन्हाचं वर्णन आहे म्हणून मी सोडून दिलेलं : जिन्याजवळच्या धाकटीच्या खाटेवर बिबड्यांच्या कडा वाटीसारख्या वर वळल्या होत्या.

"वेळेवर उलटल्या नाहीत की वळतात," रुबीना म्हणाली. "म्हणजे ती उलटत नव्हती, खाली गेली होती."

इंदूअक्कांनी कपाळावर हात मारला, पिठासकट. "अव माय! बिबड्यांवर बसून बिबडी दिसली नाही मले! नसीमनं जाता जाता पन फसवलं." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. एकीनं ओळखलं होतं, बाकीच्या चुकल्या होत्या. कथा पास झाली होती.

शेवटचं पान मी तिथेच, रुबीनानं सांगितलं तसं साध्या भाषेत लिहिलं, आणि ते माझ्या हातचं आहे अशी ओळ खाली टाकली. पुस्तक आता छापून आलं आहे. नसीम नाही. तिच्या कथा आहेत, आणि त्यांतली एकही अर्धी नाही.