फौजदारबाईंचा लाल दिवा

आमच्या घरात एक फौजदार आहे. वय चोवीस, मुक्काम चाकाच्या खुर्चीत. माझी नात. जन्मापासून तिच्या मेंदूचा निरोप हातापायांना उशिरा पोचतो आणि जिभेला त्याहून उशिरा. तिचा एक शब्द बाहेर येईपर्यंत माझा कांदा चिरून होतो. डोळ्यांना मात्र निरोप लागतच नाही, ते आधीच जाऊन बसलेले असतात. माझी चप्पल वीतभर सरकली, बापानं आईच्या कपातून चहा प्यायला, सुनेनं पडदा उलटा लावला, सगळं हिला दिसतं. आणि दिसलं की सांगायचं असतं. ती "आ... जी..." म्हणेपर्यंत आम्ही तिघं मिळून तिचं वाक्य पुरं करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं. एकदा तिला म्हणायचं होतं, गॅसवर दूध आहे. आम्ही पंखा विचारला, खिडकी विचारली, पाणी हवंय का विचारलं. तोवर दूध ओट्यावरून खाली आलं होतं.

तर या फौजदारबाईंनी एक दिवस जाहीर केलं की त्या सिनेमाचं काम शिकणार. सून घाबरली. "अगं, तिथे केवढी धावपळ असते."

"धाव... तील... ते," नात म्हणाली. "मी... बघेन."

कोर्स सहा महिन्यांचा, हिच्यासारख्याच मुलामुलींसाठी. एका जुन्या गोदामात वर्ग, दाराशी उतार केलेला. कॅमेरा शिकणारी मुलगी ठार बहिरी, आवाज टिपायला शिकणारा मुलगा आंधळा. माझा मुलगा म्हणाला, "वा, म्हणजे हा सिनेमा बघणार कोण नि ऐकणार कोण?" त्यावर लेक दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिच्या बाबतीत हे लक्षात यायला जरा वेळ लागतो, पण आलं.

हिला काम मिळालं कंटिन्युइटीचं. सिनेमात एकच प्रसंग आधी या बाजूनं घेतात, मग त्या बाजूनं, मधे कधी तास जातो, कधी दिवस. तेवढ्या वेळात कप, केस, बाही, सगळं जसंच्या तसं राहिलंय का, यावर नजर ठेवायची आणि चुकलं की शूटिंग थांबवायचं. म्हणजे घरात आयुष्यभर जे करून तिनं आम्हाला जेरीस आणलं, तेच. तिला जे शिकवायचं ते वर्गातल्या बाईंनी शिकवलंच, पण सराव आमच्यावर झाला होता.

कॅमेरावाली तिची जिवलग मैत्रीण झाली. एकीला ऐकू येत नाही, दुसरीचं बोलणं निघता निघत नाही, तरी दोघी तासन्‌तास गप्पा मारायच्या. कशा, ते मला विचारू नका. मधेच त्यांनी तारा आणि बटणांचा काहीतरी उद्योग मांडला होता. मी लक्ष दिलं नाही.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक छोटी फिल्म करायची होती. ती करून घ्यायला बाहेरून एक दिग्दर्शक बाई येणार होत्या. त्यांना त्यांच्या मालिकेसाठी कंटिन्युइटीला माणूस हवं होतं. नातीचं काम पसंत पडलं तर ती नोकरी तिची. शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात ठरलं, कारण आमची दारं तिच्या खुर्चीसाठी आधीच रुंद केलेली. त्या सकाळी दारातच दिग्दर्शक बाई शिकवणाऱ्या बाईंना हळूच म्हणाल्या, "नजर चांगली आहे हो, पण सेटवर क्षणात ओरडावं लागतं. हिचा शब्द येईपर्यंत शॉट संपेल." मी ऐकलं. नातीनंही ऐकलं असणार. हिच्या कानांनाही निरोप लागत नाही.

प्रसंग आई आणि मुलीच्या भांडणाचा. आई टेबलाशी बटाटे सोलतेय, मुलगी रागानं उठते, कप कलंडतो, चहा तिच्या निळ्या ड्रेसवर गुडघ्यापाशी सांडतो. आईच्या बाजूचा शॉट सकाळी झाला, मुलीच्या बाजूचा, चहा सांडल्यापासून पुढचा, जेवणानंतर घ्यायचा ठरला. नातीनं खुर्चीला बांधलेल्या टॅबलेटवर बोटाच्या पेरानं दाबून दाबून फोटो काढले. मग सगळे बाहेर जेवायला बसले आणि स्वयंपाकघरात मी एकटी उरले.

आता माझ्या टेबलावर चहा सांडलेला, सालं पसरलेली, पाच बटाट्यांतले दोन सोललेले नि तिसरा अर्धा. ही काय पाहुण्यांसमोर ठेवायची दशा आहे? मी कप धुतला. टेबल पुसलं. सालं केरात टाकली. उरलेले बटाटे सोलून पाण्यात घातले. हात पुसून वळले तर दारात सगळे उभे. शिकवणाऱ्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"आ... जी," नात म्हणाली. बस, तेवढंच. त्या दोन अक्षरांत माझी पासष्ट वर्षांची चूलसेवा वाहून गेली.

मग सुरू झाली फौजदारी. ती फोटो बघून हनुवटीनं जागा दाखवी आणि बाकीचे मांडत. केरातली सालं धुऊन परत आली. नवा बटाटा अर्धाच सोलला गेला, तोही तिला दोनदा पसंत पडला नाही. मला कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून, स्टुलावर बसवलं. दिग्दर्शक बाई घड्याळाकडे बघत होत्या. टेबल एकदाचं जमलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या म्हणाल्या, "चला."

शॉट सुरू झाला. मुलगी कलंडलेल्या कपापाशी उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, आणि कॅमेऱ्यावर एक छोटा लाल दिवा लागला. बहिऱ्या मुलीनं तो बघितला आणि कॅमेरा बंद केला.

"कोणी थांबवलं?" दिग्दर्शक बाई म्हणाल्या.

कॅमेरावालीनं नातीकडे बोट केलं. नातीचं पेर तिच्या खुर्चीच्या हातावर बसवलेल्या बटणावर होतं. तो तारांचा उद्योग हाच होता तर. एकीला ओरडता येत नाही, दुसरीला ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघींनी मिळून दिवा बसवला होता.

माझा मुलगा दारातून पुढे सरसावला. "तिला म्हणायचंय की बटाटे..."

लेकीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो मागे सरकला. दिग्दर्शक बाई हाताची घडी घालून थांबल्या. मीही थांबले, जीभ दातांखाली धरून.

"ड्रे... स," नात म्हणाली. "वा... ळ... ला."

सगळ्यांनी मुलीच्या गुडघ्याकडे बघितलं. सकाळचा तळहाताएवढा ओला डाग वाळून नुसती पिवळी कड उरली होती. उभी माणसं तोंडाकडे बघत होती. जिचे डोळेच गुडघ्यापासून हातभर वर असतात, तिला गुडघा दिसला.

मला स्टुलावरून उठायची परवानगी मिळाली, चहा करायला. तो कोणी प्यायला नाही, ड्रेसवर ओतला.

संध्याकाळी सामान आवरताना दिग्दर्शक बाई नातीपाशी आल्या. "मला वाटलं होतं, तुला वेळेवर ओरडता येणार नाही."

नातीनं दिव्याकडे मान केली. "ओर... डले... की."

बाई हसल्या. "सोमवारपासून येशील? आणि हा दिवाही आण. फक्त आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत."

"मग... सोम... वारी... त्या... नकोत."

सोमवारी तिथे लाकडी उतार होता. सुतारानं तो जरा उभा ठेवला होता, तो तिनं दुसऱ्याच आठवड्यात बदलून घेतला. त्या सेटवरचे लोकही आता तिला फौजदारच म्हणतात. मी कोणाला सांगितलेलं नाही.

तसलाच एक दिवा तिनं घरीही आणलाय. साखरेच्या डब्याशेजारी ठेवलाय. तिचं बोलणं चालू असताना कोणी मधे तोंड घातलं की लागतो. पहिल्या आठवड्यात तो माझ्यामुळे इतका लागला की सून म्हणाली, "आई, विजेचं बिल तुमच्या नावावर करू या." काल ती मला काही सांगत होती. मला शेवट आधीच कळला होता, अगदी ओठांवर आला होता. मी दिव्याकडे बघितलं आणि कांदा चिरायला घेतला. कांदा संपला, मग दुसरा घेतला. आणि तिनं जे सांगितलं ते मला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं.