इंजिनाखालचा कोरा कागद

जुळारी काकांना सुलट अक्षरापेक्षा उलटं अक्षर लवकर वाचता यायचं. हॉटेलात बसले की दाराच्या काचेवर बाहेरून रंगवलेलं नाव ते आतून घडाघडा वाचायचे. समोर कुणी पेपर धरून बसला असेल, तर त्याचं पान वाचून होण्याआधी यांचं झालेलं असायचं. परतूरच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं शिशाची अक्षरं हातानं जुळवली होती. त्या अक्षरांना खिळे म्हणत. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलट उमटतं. खिळे जुळवणारा तो जुळारी. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. "सुलटं वाचायला मला चष्मा लागतो, उलटं बिगरचष्म्याचं येतं," असं ते सांगायचे आणि ते खरंच होतं.

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा पत्रकं लिहायचे, काका जुळवायचे. 'अ' अन्यायाचा, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. बाबांना प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं हवी असायची. छापून यायचं तेव्हा पानभर मिळून एखादंच असायचं. बाबा चिडायचे. काका शांतपणे सांगायचे, "खिळे संपले, दादा." पुढं छापखाना बंद पडला आणि काकांनी खिळ्यांची एक लाकडी केस आपल्या खोलीवर आणली. शंभर-सव्वाशे बारीक खण असलेला मोठा ट्रेच तो. मी पाचवीत होते. बघायला गेले, तर उद्गारचिन्हांचा खण काठोकाठ भरलेला. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दादाला सांगू नको, माय. ओरडायचं असलं तर सभेत ओरडावं, कागदावर बराबर बोलावं." बाबा जाईपर्यंत मी ते त्यांना सांगितलं नाही. काकांचं मला माहीत असलेलं ते पहिलं खोटं.

बाबांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, पण चालवायला ते कधी शिकले नाहीत. चालवायचे काका. डिकीत पत्रकांचे गठ्ठे घालून दोघं तीर्थपुरीच्या बाजाराला, कधी पार भोकरदनपर्यंत जायचे. बाबा वाटभर बोलायचे, काका वाटभर 'हां' म्हणायचे. छापखान्यानंतर काकांनी स्टेशनकडच्या एका गॅरेजात काम धरलं. तिथं गाडीखाली आडवं पडून काम करावं लागे. डावं-उजवं उलटं होई आणि इतर माणसं गोंधळत. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. हात तेच होते, फक्त शाईच्या जागी ऑइल आलं होतं.

काकू फार लवकर गेल्या. मूलबाळ नव्हतं. बंद छापखान्याच्या मागची एक खोली, एवढंच घर. पण माणसाची एक खोड अशी की, कामाशिवाय ते कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकत नसत. आईनं दिवाळीला जेवायला बोलावलं तरी येताना खिशात पक्कड असायची. आधी मोरीचा गळका नळ आवळायचा, मग पाटावर बसायचं. नळ नीट असला तर ते जरा अस्वस्थ व्हायचे. "वहिनी, पंखा आवाज करून राह्यला का हो?" असं विचारायचे. आईनं एकदा मला हळूच सांगितलं होतं, की पाडव्याच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम कडीचा एक स्क्रू ढिला करून ठेवते.

बाबा गेल्यावर गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली. काका दर पंधरा दिवसांनी यायचे. "उभी गाडी जल्दी मरती," म्हणायचे आणि इंजिन चालू करून, काचा वर करून, दहा मिनिटं पुढं बघत बसायचे. शेजारच्या रिकाम्या सीटकडे मान वळवायचे नाहीत. मग उतरून चहा घ्यायचे आणि जायचे. पुढं मी गाडी शिकले तीही त्यांच्याकडेच. त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं, कारण गाडी आता मीच चालवत होते.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या काही वाड्यांवरच्या शाळा पटसंख्येच्या नावाखाली बंद होणार असं ठरलं. मी त्याविरुद्ध पत्रक काढलं आणि गठ्ठे घेऊन गावोगाव निघाले. तीर्थपुरीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर गाडीच्या पोटाला दगड लागला. थोड्याच वेळात समोर ऑइलचा लाल दिवा पेटला. मी गाडी बंद करून काकांना फोन केला. ते कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले, धोतर सावरून सरळ रस्त्यावर आडवे झाले आणि खालूनच बोलले.

"चेंबर फुटलं."

चेंबर म्हणजे इंजिनाखालचं पत्र्याचं पसरट भांडं. इंजिनाचं सगळं ऑइल त्यात राहतं.

"दिवा लागल्यावर किती चालवली?"

"लगेच बंद केली."

"मंग इंजन वाचलं. दादा असते तर म्हणले असते, चल, पुढच्या गावात बघू."

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली. गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं की एवढ्या जुन्या गाडीवर हात घालू नका, भंगारात द्या. काका म्हणाले, "बिलकुल न्हाई. घरीच करू."

दुसऱ्या दिवशी ते खिळ्यांची ती केस डोक्यावर घेऊन आले. जॅक लावला, चाकांना विटा लावल्या, गाडीखाली लाकडी ठोकळे सारले आणि पोत्यावर आडवे झाले. आधी सायलेन्सरचा पाइप उतरवला, मग चेंबरच्या कडेचे बोल्ट एकेक करून काढले. प्रत्येक बोल्ट डिझेलमध्ये धुऊन केसच्या खणात. पुढचा डावा 'क'च्या खणात, त्याच्या शेजारचा 'ख'च्या. "जिथला खिळा तिथंच गेला पायजे," ते म्हणाले. मग फुटलेलं चेंबर उलटं ठेवून त्यावर जाड कागद अंथरला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेले. कागद बरोबर चेंबरच्या काठावर कापला गेला, बोल्टांची भोकं पडली. इंजिन आणि चेंबर यांच्या मध्ये बसवायचं पॅकिंग तयार झालं. फक्त नवीन चेंबर यायचं राहिलं होतं.

ते येईना. "मिळून न्हाई राह्यलं, माय. जालन्याला सांगून ठिवलंय." आठवडा गेला. काका तरी रोज सकाळी नऊला यायचे. इंजिनाच्या कडेला चिकटलेलं जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडायचे. कालचं नवं पॅकिंग उन्हात धरून म्हणायचे, "ह्याची कड बराबर न्हाई," आणि दुसरं कापायला घ्यायचे. तीन पॅकिंगं झाली. मी बगलेत गठ्ठे मारून एसटीनं फिरत होते, दोन गावांच्या जागी एक गाव होत होतं आणि शाळा वाचवायचा ठराव ग्रामसभांत मांडायचा दिवस जवळ येत होता. सकाळी घाईत निघताना दिसायचं ते असं: आई पायरीवर शेंगा सोलत बसलेली, गाडीखालून काकांचे दोन पाय बाहेर आलेले, आणि खालून आवाज, "दादाला चालवता येत नव्हती, पण गेर कोणचा टाकायचा ते दादाच सांगायचे." आई हसायची. बाबा गेल्यानंतर ती तशी हसलेली मी ऐकली नव्हती. ऐकलं आणि बस पकडायला पळाले.

अठराव्या दिवशी काका आले नाहीत. ताप आला होता असं कळलं. आईनं मला डबा देऊन पाठवलं. खोलीत एक खाट, एक स्टूल, भिंतीला बाबांचं एक जुनं पत्रक चिकटवलेलं. आणि फळीवर पेपरात गुंडाळलेली एक वस्तू. पेपराचा कोपरा सुटला होता आणि आतून काळा चकचकीत पत्रा दिसत होता.

"हे काय आहे, काका?"

ते खाटेवर उठून बसले. "चेंबर."

"कधी आणलं?"

"गाडी घरी आणली, त्याच्या तिसऱ्या दिवशी जालन्याला गेल्तो."

मी डबा स्टुलावर ठेवला. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते पत्रकातल्यासारखं बोलले. "तुम्ही पंधरा दिवस माझ्या तोंडावर खोटं बोललात. मी शाळांसाठी वणवण करतेय आणि तुम्ही चेंबर फळीवर ठेवून रोज आमच्या दारात बसताय. बाबांच्या घरात खोटं चालत नाही."

काकांनी चादरीची घडी बोटानं सरळ केली. मग म्हणाले, "बराबर हाये, माय."

एवढंच. का, कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं होतं की खोटं सापडलं म्हणजे गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी सातलाच ते अंगणात हजर. अंगात ताप असणार, कपाळाला रुमाल बांधला होता. आईनं चहा आणला तर म्हणाले, "काम झाल्यावर." तिन्ही पॅकिंगांतलं पहिलं, पंधरा दिवसांपूर्वी नापास केलेलं, तेच त्यांनी उचललं आणि बसवलं. चेंबर वर धरून आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवले. मग पाना घेतला. मी म्हटलं, दमला असाल, मी आवळते. मी खाली शिरले आणि जोर लावायला लागले, तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"एवढं न्हाई. आधी मधला, मंग समोरचा. हाताला लागला की थांबायचं. लई आवळलं की कड वाकती आणि मंग जिंदगीभर गळतं."

बाकीचं त्यांनीच केलं. पाइप जोडला, ऑइल ओतलं, इंजिन चालू केलं. लाल दिवा विझला. मग त्यांनी माझ्या गठ्ठ्यातून एक कागद मागून घेतला आणि कोरी बाजू वर करून इंजिनाच्या बरोबर खाली, जमिनीवर सरकवला. चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

"उद्या सकाळी बघ. डाग पडला तर सांगावा धाड. कोरा असला तर माझं काम झालं."

केस डोक्यावर घेऊन ते निघाले. चहा राहिलाच.

सकाळी कागद कोरा होता. मी गठ्ठे डिकीत टाकले आणि निघाले. दोन आठवडे गावं पालथी घातली. काही वाड्यांनी ठराव केले, काहींनी दार लावून घेतलं. परत आले तेव्हा आईनं सांगितलं की काकांनी खोली सोडली. भोकरदनच्या पुढं भाच्याचं गाव आहे, तिकडे गेले.

"रागावून गेले असतील," मी म्हटलं. "पण खोटं ते खोटंच, आई."

आई पोळी लाटत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "चेंबर आणलं त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. वहिनी, चार दिवस राहू देऊ का, म्हणले. मीच म्हटलं, राहू द्या."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं? तू लगेच पत्रक काढलं असतंस." तिनं पोळी तव्यावर टाकली. "तू दिवसभर बाहेर. चहाला दुसरं माणूस होतं गं."

पुढं महिन्याभरानं मी भाच्याचं गाव शोधत गेले. अडीच तासांचा रस्ता. काका गोठ्याजवळ बाजेवर बसून एका दाव्याची गाठ सोडवत होते. वाळले होते. गाडीचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला असणार, कारण मी उतरायच्या आधीच ते उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होते.

"गळून राह्यली का?"

त्यांनी ते ज्या आवाजात विचारलं, तो मला तिथं कळला नाही. माफी कशी मागायची याची वाक्यं मी वाटभर जुळवत आले होते आणि माझं सगळं लक्ष त्या वाक्यांत होतं.

"नाही, काका," मी म्हणाले. "एक थेंबही नाही."

ते क्षणभर तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले. "मंग बरं," म्हणाले आणि पुन्हा बाजेवर बसून दाव्याची गाठ हातात घेतली. मी माफी मागितली. "त्याचं काय एवढं, माय," ते म्हणाले. मी घरी चला म्हटलं, आई वाट बघतेय म्हटलं. ते हसले. "काम असलं की सांगावा धाड. येतो." भाच्याच्या सुनेनं दिलेला चहा पिऊन मी निघाले.

परतीच्या वाटेवर, जालन्याच्या अलीकडे कुठं तरी, 'गळून राह्यली का'मधला तो आवाज मला कळला. मी गाडी कडेला घेतली. मागं वळून जाऊन सांगता आलं असतं, की चुकून बोलले, गळतेय, चला. पण ते आधी गाडीखाली वाकून बघणार हे मला माहीत होतं. आणि खाली सगळं कोरडं होतं.

तो कागद मी अजून वापरते. रात्री गाडी लावली की इंजिनाखाली सरकवते, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवते. सकाळी आई माझ्या आधी अंगणात जाऊन वाकून बघते. मग आत येते आणि चहा ठेवते.