दिलेला शब्द आणि दुखणारी बोटं

नीलांबिका अक्का कलबुर्गीतल्या आमच्या ब्रेल छापखान्याच्या प्रमुख. मी आणि इरम्मा दोघंही आंधळे. छापलेलं पान बोटांनी वाचून चुका काढणं आमचं काम.

एप्रिलात संचालक हळकट्टी साहेबांनी भर सभेत जाहीर केलं, "शाळा उघडताना आठवी ते दहावीची नऊच्या नऊ पुस्तकं आठही अंधशाळांच्या मुलांच्या हातात!" टाळ्या झाल्या. हातात सात आठवडे, यंत्र एक, तपासणारे दोघं. आम्हाला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी अक्कांनी माझा हात हातात घेतला. "मौनेश, दिवसाला किती पानं?"

"चाळीस, अक्का."

"खरं सांग."

"तीस. पुढं टिंबंच कळत नाहीत."

त्या रागावल्या नाहीत. हिशेब मांडला आणि आठही अंधशाळांना स्वतः फोन केले. "जूनला फक्त दहावीचं गणित नि विज्ञान मिळेल. बाकीची दिवाळीपर्यंत. आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला दुसरी सोय बघता येईल."

यादगीरचे सिद्रामप्पा मास्तर भडकले. "मग आठवीच्या पोरांनी काय वारा वाचायचा?"

अक्कांनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुमचा राग रास्त आहे, सर. पण घाईत एक टिंब चुकलं तर पोरगं चुकीचंच पाठ करेल. दहावीची बोर्डाची परीक्षा, म्हणून ती आधी. आठवीला पहिला धडा कुठला शिकवता? तेवढा जुलैत पाठवते."

मास्तर म्हणाले, "बीजगणिताचा पाठवा."

साहेबांना कळलं तसे ते तावातावानं आले. "अक्का, तुम्ही माझं नाक कापलंत!"

"शब्द तुम्ही दिलात साहेब, बोटं यांची झिजतायत."

आठवड्यात अक्कांची बदली कागदाच्या कोठारात झाली. कारण लिहिलं होतं, 'संस्थेची बदनामी'. ज्या बाईनं खरं बोलून संस्थेची लाज राखली, तिच्यावर!

नव्या प्रमुखांनी यादी मात्र अक्कांचीच चालवली. दुसरा इलाजच नव्हता. दोन्ही पुस्तकं वेळेत गेली, जुलैत बीजगणिताचा धडाही गेला. मग शाळांच्या मास्तरांना बोलावून समारंभ झाला, त्यात हार पडला साहेबांच्या गळ्यात. अक्कांना साधं बोलावणंही नव्हतं.

माझ्यानं राहवलं नाही. मी उभा राहून मोठ्यानं विचारलं, "नीलांबिका अक्का कुठं आहेत?"

कुणीतरी माझी बाही ओढली. मी बसलो नाही. तेवढ्यात मागून सिद्रामप्पा मास्तरांचा आवाज आला, "हो, आम्हालाही तेच विचारायचंय."

साहेबांनी माईक बंद केला. अक्का अजून कोठारातच आहेत.