सैल केलेला मुंढा

तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध एवढाच, की ती मुलांचे गणवेश शिवायची. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एका मशीनवर ती, दुसऱ्यावर सून. परक्या बायकांच्या अंगाला टेप लावण्यात तिचा जन्म गेला होता. मापं घेता घेता कोण पोटुशी आहे, कोण घरी मार खाते, हे तिला कळे आणि ती कुठे बोलत नसे. एकदाच बोलली. बँकेतल्या एका बाईच्या काखेत तिच्या बोटांना गाठ लागली, तेव्हा तिने त्या बाईला फैलावर घेऊन आधी डॉक्टरकडे पिटाळलं. ती बाई वाचली. अजूनही येते आणि येईल त्याला मास्तरिणीच्या हाताचं कौतुक सांगते. मास्तरीण तेवढा वेळ मान खाली घालून काजं करत राहते.

आता तिच्याच छातीत गाठ निघाली होती. आत ओढली गेलेली कातडी सुनेने कपडे बदलताना पाहिली आणि तिला जवळजवळ फरफटत दवाखान्यात नेलं. तपासताना मास्तरिणीने सुनेला बाहेर बसवलं, डोळे मिटून घेतले. कधीपासून आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, पंधरा दिवस झाले असतील. तपासणीत कर्करोग निघाला. तो काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पसरलाय का, किती पसरलाय, ते एमआरआय काढून बघायचं ठरलं.

एमआरआयच्या खोलीबाहेर तिथली एक जाडजूड बाई येणाऱ्यांच्या अंगावरचं लोखंड उतरवून घेत होती. पिना, चाप, हुकांचे कपडे, सगळं काढा. नवरा लोखंडाचा असेल तर तोही बाहेर ठेवा. सून हसली. मास्तरिणीचा डावा हात वर होईना, म्हणून ब्लाउज सुनेनेच काढला आणि सवयीप्रमाणे उलटा करून घडी घालू लागली. घालता घालता थांबली.

उजव्या बाहीचा मुंढा शिवला तसाच होता. डावा उसवून सैल केला होता, एकदा नाही, तीनदा. जुन्या शिवणींची भोकं ओळीने दिसत होती. आतलं राखून ठेवलेलं कापड संपलं तेव्हा काखेत वेगळ्याच कापडाची कळी जोडली होती. तिचाही दोरा धुऊन धुऊन विटला होता.

"आई, हे कधी केलंत?"

"अंग सुटलंय गं माझं."

"एकाच बाजूने?"

तेवढ्यात आतून हाक आली.

तिला पालथं झोपवलं. छातीसाठी फळीत दोन पोकळ्या होत्या. हलायचं नाही, असं बजावलं. मशीन ठोके घालू लागलं. मरणाचा विचार तिच्या मनात आलाच नाही. सून बाहेर तो ब्लाउज मांडीवर घेऊन बसली असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं. प्रत्येक वेळी तिने सुनेला बटणं आणायला पाठवलं होतं. प्रत्येक वेळी घाईघाईने उसवून, शिवून, इस्त्री फिरवून मोकळी झाली होती. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय तिला नव्हती. त्या बँकेतल्या बाईला तिनेच तर ओरडून सांगितलं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून चित्रं दाखवली. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या, त्यांचा आकार बिघडला होता. खात्रीसाठी सुई घालून तुकडा घ्यावा लागेल. बहुतेक आधी औषधं, मग ऑपरेशन. मग त्यांनी पुन्हा विचारलं, हे खरंच पंधरा दिवसांचंच का?

सून खिडकीकडे बघत राहिली.

"वर्ष झालं," मास्तरीण म्हणाली. "जास्तच. हाताला लागत होतं मला. दुसऱ्यांच्या अंगाला हात लावते मी, माझ्या अंगाला कुणी लावायचा म्हटलं की नको व्हायचं. म्हणून कपडे सैल करत राहिले."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पडदा ओढला, काख पुन्हा बघते म्हणाल्या, आणि सुनेला जरा बाहेर थांबायला सांगितलं. सून उठली.

"राहू दे तिला," मास्तरीण म्हणाली. सुनेकडे न बघताच तिने उजव्या हाताने डावा हात धरला आणि जमेल तेवढा वर उचलला. "इकडे ये. बघ."