चौदा नंबरचा चमत्कार

मला वाटलं होतं, पुण्यात उतरले की इथला व्यावसायिक फुटबॉल क्लब माझी वाटच बघत बसलेला असेल. खेळाचं संख्याशास्त्र शिकून थेट इंग्लंडहून आलेली मुलगी! तिथे कॅमेरे असतील, मोठाले पडदे असतील, खेळाडूंच्या छातीला कसले कसले पट्टे असतील, आणि या सगळ्याच्या मधोमध एक रिकामी खुर्ची असेल. माझी.

प्रत्यक्षात मिळाली एक गच्ची. येरवड्यात, तुरुंगाच्या पलीकडे मुळाकाठ क्लबचं सरावाचं मैदान होतं आणि त्याला लागून एक दुमजली इमारत. खुर्ची नव्हती. पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत बसायचं. पडदे म्हणाल तर होते; कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी.

हसा, हसा. पण जरा हसू शिल्लक ठेवा. मी केलेला गाढवपणा अजून सुरूसुद्धा झालेला नाही!

तेव्हा पुण्यात दिवस असे होते की, ज्वारीच्या शेतात सकाळी कुणी खुंट्या ठोकल्या तर संध्याकाळी तिथे काचेची इमारत उभी असायची आणि शेजारपाजारची निम्मी मुलं त्यात नोकरीला. मलाही तशाच एका इमारतीतून बोलावणं आलं होतं. कागद हातात होता, सोमवारपर्यंत हो म्हणायचं होतं.

"हो म्हणून टाक," आई म्हणाली. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या आवाजातच खडू असतो. "एसीत बसशील. गच्चीवर बसून काळी पडलीस."

"आई, या देशात फुटबॉल डोळे मिटून चालतो. कोण चांगलं खेळतो हे कुणी मोजतच नाही! मला ते बदलायचंय."

"बदल हो. शनिवार-रविवारी बदल."

बाबा बाजूला बसून ऐकत होते. ते पोस्टातून निवृत्त झालेले. सत्तावीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली त्यांनी. त्यांनी फक्त कपाटातून जुनी दुर्बीण काढली आणि काच पुसायला घेतली. म्हणजे ते माझ्या बाजूने.

क्लबचे कोच होते गोव्याचे फर्नांडिस सर. माणूस रुंद, बोलणं अरुंद. मला ते 'प्रोफेसर' म्हणायचे, आणि त्यात आदर किती होता ते मी अजून मोजतेय. मी नोकरी मागितली तेव्हा म्हणाले, "मालक विचारतात, आकडेवाली कशाला पाहिजे? असं कर. मोसम सुरू व्हायच्या आधी पेपरात छापून सांग. कुठली टीम सगळ्यांना चकित करणार? कुठला नवा खेळाडू चमकणार? पहिल्या मॅचला खरं ठरलं, तर तू आमची. नाही ठरलं, तर गच्चीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे."

पहिली मॅच रविवारी. काचेच्या इमारतीला उत्तर सोमवारी. कळलं ना माझं घोडं कुठे अडलं होतं?

आता माझी पद्धत ऐका. फार अभिमान होता मला तिचा.

मी ठरवलं होतं की खेळाडूंची नावं बघायची नाहीत. चेहरेही नाहीत! नाव कळलं की लोक पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतात. गाव कुठलं, आडनाव काय, कुणाचा कोण. आमच्या घराने हे पिढ्यान् पिढ्या सोसलंय. तेव्हा निदान माझ्या वहीत तरी माणसाला नाव नसेल, फक्त त्याचा खेळ असेल. जर्सीचा नंबर आणि त्याच्यापुढे काम. बस!

बाबा दुर्बिणीतून नंबर सांगणार, मी मान खाली घालून लिहिणार. बाबांसारखा माणूस या कामाला सापडला नसता. सत्तावीस वर्षं त्यांनी पाकिटावरचा पिनकोड सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं.

"नऊकडून चौदाला. चौदा पळाला. चौदा, चौदा, अजून चौदाच. चौदाने सातला दिला."

"डाव्या पायाने का उजव्या?"

"डाव्या."

आठ सराव सामने आम्ही असे टिपले. रोज घरी आल्यावर मी लॅपटॉपवर तक्ता करायची, आणि तिसऱ्या सामन्यानंतर मी एकच रकाना पुन्हा पुन्हा तपासायला लागले.

चौदा नंबर माणूस नव्हता. चमत्कार होता!

तो दमायचाच नाही. बाकीचे दहाजण तासाभरात कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे, आणि हा ऐंशीव्या मिनिटाला पहिल्या मिनिटाच्या वेगाने धावायचा. सुरुवातीला डावखुरा, मध्यंतरानंतर उजवा. कधी डोक्याने मारायचा एकही चेंडू जिंकायचा नाही, आणि मग अचानक सगळे जिंकायचा. गंमत म्हणजे दर वीस मिनिटांनी त्याच्या अंगात नवा जोर यायचा. अगदी घड्याळ लावल्यासारखा.

आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला इथे काही शंका आली असती. मला नाही आली. मी इंग्लंडात शिकले होते. मी त्याला सिद्धान्त जोडला! 'हा खेळाडू आपली ताकद वीस-वीस मिनिटांच्या टप्प्यांत वापरतो. अशी शिस्त मी युरोपातही पाहिलेली नाही.' खरंच पाहिली नव्हती हो!

कसबा पेठेत एका बोळात एक क्रीडा साप्ताहिक निघायचं. खाली तांबट भांडी ठोकायचे, वर संपादक आपटे बातम्या ठोकायचे. मी लेख घेऊन गेले. गेल्या मोसमात तळाला राहिलेला मुळाकाठ क्लब यंदा सगळ्यांना चकित करणार, पहिल्याच रविवारी गतविजेत्यांना हरवणार, आणि चौदा नंबर हा या मोसमाचा नवा तारा असणार!

आपट्यांनी चष्मा वर केला. "नाव काय याचं?"

"नाव महत्त्वाचं नाही. खेळ महत्त्वाचा."

"बाई, त्याच्या आईने तरी ठेवलं असेल ना?"

मी त्यांना दहा मिनिटं पूर्वग्रह या विषयावर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छापतो. तेवढीच जागा रिकामी आहे. तेलाची जाहिरात आली असती तर छापलं नसतं."

छापून आलं बुधवारी. गुरुवारी एका इंग्रजी पेपराने ते उचललं. शुक्रवारी रेडिओवर कुणीतरी 'चौदा नंबरचं गूढ' म्हणून त्याच्यावर अर्धा तास बोललं. शनिवारी आमच्या चौकात फ्लेक्स लागला: 'येरवड्याची शान, चौदा नंबर!' त्यावर अकरा स्थानिक नेत्यांचे हसरे चेहरे होते आणि खेळाडू मात्र पाठमोरा. त्याचा चेहरा कुणाकडेच नव्हता ना! वडापावच्या गाडीवरही '१४' रंगवलेलं. आई शाळेतून आली आणि म्हणाली, "मुख्याध्यापिका विचारत होत्या, चौदा नंबर तुमच्या नात्यातला का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून ठरलेलं नाही."

आणि रविवार उजाडला. स्टेडियममध्ये मी आणि बाबा नेहमीसारखे सर्वांत वरच्या पायरीवर. मुळाकाठची टीम मैदानात आली, नवीकोरी जर्सी घालून. चौदा नंबर दिसताच लोकांनी असा काही आरडाओरडा केला की मला रडूच आलं.

शिट्टी झाली. चौदा नंबर चालायला लागला.

हो, चालायला! धावायला नाही. संध्याकाळी सारसबागेत फिरायला आलेल्या काकांसारखा तो मैदानात फिरत होता. एकदा वाकून त्याने गुडघा चोळला. एकदा मोजे वर केले.

"बाबा, तो काय करतोय?"

"चौदा उभा आहे," बाबांनी निर्विकारपणे सांगितलं. "चौदा अजून उभा आहे."

पण एक विलक्षण गोष्ट घडत होती. विजेत्यांचे दोन तगडे बचावपटू त्याला चिकटले होते. तो डावीकडे गेला की दोघं डावीकडे. तो मोजे वर करायला वाकला की दोघं सावध! इंग्रजी पेपर त्यांच्या हॉटेलातही येत होता ना. त्या दोघांनी सोडलेल्या मोकळ्या रानातून आमचा सात नंबर घुसला. गोल! मध्यंतरानंतर नऊ नंबर. दुसरा गोल! चौदा नंबरने नव्वद मिनिटांत चेंडूला दोनदा पाय लावला, त्यातला एक चुकून.

दोन-शून्य! तळाच्या टीमने विजेत्यांना झोपवलं!

लोक वेडे झाले. कुणीतरी मला ओळखलं, "याच त्या भविष्यवाल्या ताई!" आणि पायऱ्यांवरून मला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. गळ्यात झेंडूचा हार पडला. हा हार कुणासाठी आणला होता कोण जाणे. पण खरं सांगू? त्या क्षणी मला तो माझाच वाटला.

फर्नांडिस सर हसत पुढे आले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

"प्रोफेसर, नोकरी तुझी. उद्यापासून ये."

"सर, पण चौदा नंबरला आज काय झालं? बरं नाही का त्याला?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? चौदा!"

त्यांचं हसू मावळलं. मग हळूच म्हणाले, "आजचा चौदा आमचा म्हातारा गोन्साल्विस. गुडघा गेलाय बिचाऱ्याचा. त्याला सांगितलं, फक्त फिरत राहा, दोघांना बरोबर फिरव. तुझा लेख वाचला तेव्हाच ठरवलं होतं मी."

"मग सराव सामन्यांतला चौदा?"

"ती ट्रायलची जर्सी, प्रोफेसर. करारावरच्या पोरांना आपापला नंबर. ट्रायलला येणाऱ्यांना मिळून एकच, चौदा. एकेकाला वीस मिनिटं. वेळ संपली की जर्सी काढायची, पुढच्याला द्यायची. वीसच मिनिटं मिळाल्यावर कोण जीव तोडून पळणार नाही?"

हार गळ्यात तसाच होता. झेंडूला इतका उग्र वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

आठ सामने. प्रत्येकात पाचजण. चाळीस! मी ज्याला या मोसमाचा तारा म्हणून पेपरात मिरवलं, तो म्हणजे चाळीसजणांनी आळीपाळीने घातलेला एक घामट सदरा!

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही दुर्बिणीतून बघत होता. माणूस बदलतोय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. दर वेळी दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू नंबर विचारत होतीस. आमच्या ऑफिसातही काउंटर तोच असायचा, ड्यूटी बदलली की माणूस बदलायचा. कोण बसलंय हे साहेबसुद्धा विचारत नसत." त्यांनी दुर्बीण डब्यात ठेवली. "आणि तूच म्हणालीस ना, चेहरे बघायचे नाहीत?"

 मी शिकवलेलं सगळं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं!

घरी जाताना मी आपट्यांना फोन केला. म्हटलं, चूक झाली, खुलासा छापा. 

"बाई, तुमचं भविष्य खरं ठरलं ना?"

"ठरलं, पण चुकीच्या कारणाने."

"या शहरात लोक चुकल्यावरही माफी मागत नाहीत. तुम्ही बरोबर ठरून मागताय? बरं, पाठवा. तेलाची जाहिरात याही आठवड्यात आलेली नाही."

रात्री जेवायला बसलो. आईने ताटात दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाली, "मग सोमवारी एसी का गच्ची?"

मी काही बोलायच्या आत बाबाच बोलले. "तुझी पद्धत वाईट नव्हती गं. आडनाव बघून माणसाला मापणारे आम्ही पुष्कळ पाहिले. पण पिनकोडवर पत्र गावापर्यंत पोचतं. दारात न्यायचं तर पोस्टमनला नाव वाचावंच लागतं."

सकाळी उठले ती ठरवूनच. आधी काचेच्या इमारतीला फोन करून नम्रपणे नाही म्हणून टाकलं. आईने पलीकडच्या खोलीत भांडं जरा जोरात ठेवलं, एवढंच. मग नवी वही काढली. फर्नांडिस सरांपुढे नोकरीची पहिली अट हीच ठेवायची की, ट्रायलला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा नंबर आणि वहीत नंबराच्या आधी नाव. त्या चाळीसजणांपासून सुरुवात, एकेकाला शोधून. एकट्या माणसाला जमणार नाही असा खेळ त्यांनी मिळून केला होता आणि श्रेय सदऱ्याला गेलं होतं.

बाबांनी पेन उघडलं. "सांग, पहिलं नाव कोणाचं लिहू?"

मी तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं.

आठ सामने मी ही टीम पाहिली होती. कोण कितव्या मिनिटाला दमतो हे मला पाठ होतं. आणि नाव मला त्या अख्ख्या टीममधल्या एकाच माणसाचं माहीत होतं; जो रविवारी सोडून कधी खेळताना दिसलाच नव्हता, आणि रविवारीही खेळला नव्हता.

"लिहा," मी म्हटलं. "गोन्साल्विस."

मग उठले, चपला घातल्या आणि दुर्बीण घरीच ठेवून मैदानावर निघाले.