न्यायाधीशांनी ठेवून घेतलेली भेट

साठच्या दशकात कुवेतमध्ये मी एका अरब व्यापाऱ्याकडे कारकून होतो. मुंबईत राहिल्यामुळे त्यांना हिंदी उत्तम येई; मला ते 'पंडितजी' म्हणत. त्यांचे बालमित्र न्यायाधीश होते. या न्यायाधीशांच्या वृद्ध मातोश्री उष्म्याने व्याकुळ झाल्याचे कळताच शेठजींनी माझ्याबरोबर एअर कंडिशनर पाठवला.

न्यायाधीशांनी आईच्या खोलीकडे क्षणभर पाहिले आणि तो ठेवून घेतला. मग मला कॉफी देत ते शांतपणे म्हणाले, "शेठना सांगा, माझ्यापुढे असलेला त्यांच्या गोदामाचा दावा आता दुसरे न्यायाधीश ऐकतील."

निरोप ऐकून शेठजी हिरमुसले. "पंडितजी, विरुद्ध निकालसुद्धा मी त्याच्याच तोंडून मानला असता."

"मग यंत्र परत आणू का?"

"नको. त्या माउलीने लहानपणी मला स्वतःच्या हाताने भरवले आहे. दावा जाऊ दे कोणाकडेही."